गुन्ह्याच्या आडून

१९३७ साली ब्रिटनच्या फिल्म सेन्सॉर मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड टायरेल यांनी चित्रपटगृहांच्या मालकांसमोर एक भाषण केले. लंडनमध्ये त्या घडीला चालू असलेला एकही चित्रपट आजच्या ज्वलंत प्रश्नांना हात घालत नाही, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे, असे त्यांनी त्यात सांगितले. आदल्याच वर्षी जॅरो गावातले बेकार कामगार काम मागण्यासाठी पायी चालत लंडनला आले होते. स्पेनमध्ये यादवी पेटली होती आणि जर्मनीत हिटलरने सगळी सत्ता मुठीत घेतली होती. वॉल्टर ग्रीनवूड यांच्या ‘लव्ह ऑन द डोल’ या कादंबरीत बेकारीने पिचलेल्या एका कामगार कुटुंबाची कहाणी आहे. तिच्यावर चित्रपट काढण्याचा प्रस्ताव याच मंडळाने १९३६ मध्ये परत पाठवला होता. तो चित्रपट पडद्यावर आला १९४१ मध्ये, म्हणजे युद्धाने बेकारीचा प्रश्न मागे ढकलल्यावर. मंडळ पटकथा आधीच मागवून वाचत असे आणि नको ते मुळातच खुडून टाकत असे, त्यामुळे टायरेल यांचा दावा बऱ्याच अंशी खरा होता.

एक चित्रपटप्रकार मात्र त्यांनी हिशेबात धरला नव्हता, तो म्हणजे गुन्हेपट. खून, ब्लॅकमेल, तुरुंगातून निसटलेला कैदी, स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर या असल्या गोष्टींत ज्वलंत प्रश्न कोण शोधणार? दोन घटका करमणूक, एवढीच त्यांची किंमत होती. माझे म्हणणे असे आहे की १९२९ ते १९६१ या सुमारे तीस वर्षांत ब्रिटिश समाजाने स्वतःबद्दल जे उघड बोलायचे टाळले, ते याच हलक्या गणलेल्या चित्रपटांनी सर्वांत स्वच्छ बोलून दाखवले. टंचाई, वर्गभेद, फाशी, वर्णद्वेष, समलिंगी माणसांना तुरुंगात धाडणारा कायदा, हे सारे गुन्ह्याच्या आडून पडद्यावर आले. मराठी वाचकाला ही वाट अनोळखी नाही. लॉर्ड कर्झनवर उघड नाटक लिहिणे शक्य नव्हते, तेव्हा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली महाभारतातला कीचक रंगभूमीवर उभा केला. हा कीचक कोण, हे प्रेक्षकांनी ओळखले. सरकारनेही ओळखले आणि १९१० साली ‘कीचकवधा’वर बंदी आली. खाडिलकरांनी हे योजून केले होते. ब्रिटिश गुन्हेपटांत ते पुष्कळदा धंद्याच्या ओघात, कधी कर्त्यांच्याही नकळत घडले. म्हणून दिग्दर्शकांच्या मुलाखतींपेक्षा खुद्द चित्रपट काय दाखवतात, त्यावर मी अधिक भिस्त ठेवतो.

सुरुवात आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘ब्लॅकमेल’पासून करावी लागते. १९२९ चा हा चित्रपट आधी मूकपट म्हणून चित्रित झाला आणि मग त्याचा बोलपट करण्यात आला. नायिका ॲनी ओंड्रा हिचे उच्चार मध्य युरोपातले. लंडनच्या दुकानदाराची मुलगी म्हणून ते खपणारे नव्हते. आवाज मागाहून भरण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून जोन बॅरी ही अभिनेत्री कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उभी राहून संवाद बोलायची आणि ओंड्रा त्यावर नुसते ओठ हलवायची. कथा अशी: ॲलिस नावाची तरुणी एका चित्रकाराच्या खोलीवर जाते, तो तिच्यावर बळजबरी करू पाहतो आणि हाताला लागलेल्या सुरीने ती त्याला ठार करते. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांच्या दुकानामागच्या खोलीत ती न्याहारीला बसली आहे. शेजारीण दारात उभी राहून आदल्या रात्रीच्या खुनाबद्दल अखंड बडबडते आहे. हळूहळू त्या बडबडीतले शब्द पुसट होत जातात, नुसती गुणगुण उरते आणि तिच्यातून ‘सुरी’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा कानावर आदळतो. नेमके तेव्हाच वडील म्हणतात, जरा पाव काप. ध्वनी हाताशी आल्याबरोबर एका माणसाने त्याचा असा उपयोग करावा, याचे आजही नवल वाटते.

या प्रसंगाचे कौतुक बहुतेक पुस्तकांत येते. चित्रपटाच्या शेवटाबद्दल मात्र तितके बोलले जात नाही. ॲलिसचा प्रियकर फ्रँक हा पोलीस डिटेक्टिव्ह आहे. खुनाच्या जागी सापडलेला तिचा हातमोजा तो दडवतो. ब्लॅकमेल करणारा भुरटा माणूस पोलिसांपासून पळताना ब्रिटिश म्युझियमच्या घुमटावरून पडून मरतो आणि खून त्याच्या नावावर जमा होतो. ॲलिस कबुलीजबाब द्यायला पोलीस ठाण्यात येते, पण ती बोलायच्या आत फ्रँक तिला बाहेर घेऊन जातो. अब्रू वाचवताना हातून खून झालेल्या स्त्रीला कायद्यासमोर खरे बोलता येत नाही, आणि हे सर्वांत आधी पोलिसालाच ठाऊक असते! बलात्कार, स्त्रीची साक्ष आणि पोलिसांची सचोटी या विषयांवर सरळ चित्रपट काढू म्हटले असते तर त्या काळी पटकथेच्या पायरीवरच तो अडला असता. रहस्यपट म्हणून तो देशभर चालला.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. हिचकॉक हा अपवाद होता, बाकीचा माल बहुतांशी टाकाऊ होता, असे म्हटले जाते. ते बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्याचे कारण कायद्यात सापडते. अमेरिकन चित्रपटांच्या लोंढ्याला आवर घालण्यासाठी ब्रिटिश संसदेने १९२७ मध्ये कायदा केला. प्रत्येक चित्रपटगृहाने ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट दाखवलेच पाहिजेत, अशी ती सक्ती होती. प्रमाण पाच टक्क्यांपासून सुरू होऊन पुढे वीस टक्क्यांवर गेले. अमेरिकन वितरकांनी त्यावर तोड काढली. कायद्याची पूर्तता होण्यापुरते स्वस्तातले ब्रिटिश चित्रपट ते फुटाला एक पौंड अशा दराने बनवून घेऊ लागले. त्यांना ‘कोटा क्विकी’ असे नाव पडले. दोन-तीन आठवड्यांत उरकलेले हे चित्रपट पुष्कळदा रिकाम्या खुर्च्यांपुढे चालत. १९३८ मध्ये कायदा बदलून किमान खर्चाची अट आली, तेव्हा हा प्रकार आटोक्यात आला.

पण या स्वस्ताईचे दोन परिणाम ध्यानात घेण्यासारखे आहेत. एक म्हणजे त्यात माणसे तयार झाली. पुढे ‘द रेड शूज’सारखे चित्रपट देणाऱ्या मायकेल पॉवेलने १९३१ ते १९३६ या काळात असे वीसहून अधिक चित्रपट हातावेगळे केले. दुसरा परिणाम माझ्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे. गुन्ह्याची गोष्ट स्वस्तात होते. भाड्याची खोली, टेलिफोन, रेनकोट आणि ओला रस्ता एवढ्यावर ती उभी राहते, त्यामुळे कॅमेरा आपसूक साध्या माणसांच्या वस्तीत गेला. वॉर्नर कंपनीच्या टेडिंग्टन स्टुडिओत आर्थर वुड्सने १९३८ मध्ये केलेला ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ पाहावा. तुरुंगातून नुकताच सुटलेला शॉर्टी आपल्या जुन्या मैत्रिणीकडे जातो, तर ती मेलेली सापडते. आपल्यावरच आळ येणार आणि आपले कोणी ऐकून घेणार नाही, हे त्याला त्या क्षणी कळते. मग तो पावसात, रात्रीच्या लॉऱ्यांमधून, ड्रायव्हरांच्या कळकट कॅफेंमधून पळत राहतो. खरा खुनी निघतो तो शिकलासवरलेला, गुन्हेशास्त्राची पुस्तके जमवणारा एक सभ्य गृहस्थ. संशय कोणावर घ्यायचा हे पोलिसांच्या मनात माणसाच्या कपड्यांवरून आणि बोलण्याच्या ढबीवरून आधीच पक्के झालेले असते, ही गोष्ट इतक्या सरळपणे सांगणारा दुसरा ब्रिटिश चित्रपट त्या दशकात सापडणे कठीण. वुड्स १९४४ मध्ये हवाई दलात असताना मारला गेला. त्याआधीच, १९४० मध्ये, याच नावाचा अमेरिकन चित्रपट आला होता आणि मूळ ब्रिटिश चित्रपट लोकांच्या आठवणीतूनही गेला.

दुसरा आक्षेप अनुकरणाचा. हे चित्रपट म्हणजे हॉलिवूडची नक्कल, आणि त्यातली सावल्यांची कला तर जर्मनीची उसनवारी, असे म्हणतात. कलेपुरते हे मान्य करायला हरकत नाही. हिचकॉक स्वतः तरुणपणी जर्मनीतल्या उफा स्टुडिओत काम करून आला होता. म्युझियममधला पाठलाग त्याने आरशांच्या साहाय्याने करायच्या जर्मन युक्तीनेच चित्रित केला. १९३३ नंतर तर माणसांची रीघ लागली. पीटर लॉर हिटलरच्या जर्मनीतून निघाला आणि इंग्रजी जेमतेम येत असताना ‘द मॅन हू न्यू टू मच’मध्ये खलनायक झाला. कॅमेरामन ओटो हेलर प्रागचा, मुट्झ ग्रीनबॉम बर्लिनचा, निर्माता अलेक्झांडर कोर्डा हंगेरीचा, दिग्दर्शक आल्बेर्तो काव्हाल्कांती ब्राझीलचा. ‘द थर्ड मॅन’मधल्या तिरप्या, भिजलेल्या रस्त्यांच्या छायाचित्रणाबद्दल ऑस्कर मिळवणारा रॉबर्ट क्रास्कर ऑस्ट्रेलियन होता. युद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांचा पिच्छा सुरू झाला, तेव्हा ज्यूल्स दासाँ, जोसेफ लोझी आणि साय एन्डफील्ड लंडनला आले. लोझीला ‘द स्लीपिंग टायगर’ दुसऱ्याच्या नावाने प्रदर्शित करावा लागला.

यातून हे चित्रपट ब्रिटिश नव्हते असे ठरते का? मला उलटेच दिसते. घरातला माणूस पाहुण्यासमोर जे झाकून ठेवतो ते बाहेरून आलेल्याच्या नजरेला आधी पडते, आणि ते झाकण्याचे ओझेही त्याच्यावर नसते. काव्हाल्कांतीचा १९४७ चा ‘दे मेड मी अ फ्युजिटिव्ह’ घ्या. युद्धात पराक्रम गाजवलेला हवाई दलाचा अधिकारी शांततेत कंटाळतो आणि काळाबाजारवाल्यांच्या टोळीत शिरतो. ही टोळी अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानाआड चालते आणि चोरटा माल शवपेट्यांतून हलवते. शेवटी टोळीप्रमुख मरताना खरे बोलायला नकार देतो आणि नायकावरचा कलंक पुसला जात नाही. युद्धवीरांचे गोडवे गायचे ते दिवस होते. अशा वेळी हे चित्र कोणा बाहेरच्याने काढावे, यात अर्थ आहे. शिवाय अमेरिकन गुंडाच्या हातात मशीनगन आणि बुडाखाली मोटार असते. ब्रिटिश गुंडाच्या खिशात दाढीचा वस्तरा, चोरलेली रेशन कुपने आणि नायलॉनचे पायमोजे असतात. नक्कल करणाऱ्याला हे सुचत नाही. युद्धाच्या सहा वर्षांत ज्या पावावर रेशन नव्हते, त्यावर ते १९४६ मध्ये, युद्ध जिंकल्यानंतर आले. मांसावरचे रेशन १९५४ पर्यंत टिकले. सैन्यातून पळालेले हजारो लोक कागदपत्रांविना शहरांत लपून होते आणि त्यांना माफी मिळाली ती १९५३ मध्ये. या परिस्थितीतून आलेल्या गुन्ह्यांना हॉलिवूडमध्ये जोड नव्हती.

१९४७ चाच रॉबर्ट हेमरचा ‘इट ऑलवेज रेन्स ऑन संडे’ मला या साऱ्या परंपरेतला सर्वांत मोठा चित्रपट वाटतो. ईलिंग स्टुडिओचे नाव लोकांना विनोदी चित्रपटांमुळे ठाऊक आहे, पण हा त्यांचाच. स्थळ पूर्व लंडनमधले बेथ्नल ग्रीन, वेळ पावसाळी रविवार. रोझ ही चाळिशीकडे झुकलेली गृहिणी. नवरा वयाने मोठा, सज्जन आणि कंटाळवाणा. सवतीच्या दोन तरण्या मुली आणि स्वतःचा एक मुलगा. डार्टमूर तुरुंगातून पळालेला तिचा जुना प्रियकर टॉमी परसातल्या विमानहल्ल्याच्या निवाऱ्यात येऊन लपतो. रोझ त्याला चोरून घरात घेते आणि आपल्या झोपायच्या खोलीत ठेवते. पुढचा सारा ताण पिस्तुलाचा नाही, घराच्या आकाराचा आहे. खोल्या इतक्या थोड्या आणि माणसे इतकी जास्त, की एक दार दिवसभर बंद ठेवणे हेच अशक्य काम. स्वयंपाकघरात पत्र्याच्या टबात आंघोळी चालल्या आहेत, जेवणाची तयारी आहे, मुलींची भांडणे आहेत, आणि त्या सगळ्यांतून रोझ चेहरा कोरा ठेवून जिना चढते-उतरते आहे.

या चित्रपटातला एक प्रसंग जवळून पाहण्याजोगा आहे. टॉमीला पळायला पैसे हवेत. रोझकडे रोख नाही, म्हणून ती जपून ठेवलेली अंगठी काढून त्याला विकायला देते. ही अंगठी वर्षांपूर्वी त्यानेच तिला दिलेली असते. तो ती हातात घेतो, किती येतील याचा अंदाज घेतो. त्याला ती ओळखू येत नाही. रोझ काहीच बोलत नाही. रोझची भूमिका करणाऱ्या गूगी विदर्सने त्या क्षणी चेहऱ्यावर जे केले आहे, किंवा करायचे टाळले आहे, ते पाहिल्यावर पुढचा पोलिसांचा पाठलाग जवळजवळ दुय्यम होतो. एका बाईने आयुष्यभर ज्या आठवणीवर दिवस काढले ती दुसऱ्याच्या लेखी नव्हतीच. शेवटी टॉमी रेल्वे यार्डात पकडला जातो. रोझ गॅस सोडून जीव द्यायचा प्रयत्न करते, वाचते आणि त्याच घरात परतणार असते. त्या काळच्या कुठल्याही कौटुंबिक चित्रपटाने लग्न, दारिद्र्य आणि घुसमट यांचे इतके निर्दय चित्र दाखवलेले नाही. फरारी कैद्याचे निमित्त नसते तर बेथ्नल ग्रीनच्या एका गृहिणीच्या रविवारावर स्टुडिओने पैसे लावले असते, असे मला वाटत नाही.

हे अर्थ आपण आज मागाहून चिकटवतो आहोत, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर त्या वेळच्या मंत्र्यांनीच देऊन ठेवले आहे. १९४८ मध्ये व्यापार मंडळाचे अध्यक्ष आणि पुढे पंतप्रधान झालेले हॅरोल्ड विल्सन यांनी गुंडगिरीच्या, क्रौर्याच्या आणि विकृत मनांच्या चित्रपटांचा आता वीट आला आहे, असे जाहीरपणे सुनावले. ब्रिटनचे खरे चित्र पडद्यावर यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. निव्वळ करमणुकीवर मंत्री चिडत नसतात. त्यांना नको असलेले ब्रिटनचे चित्र त्या चित्रपटांत होते, म्हणून ते बोलले.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. गुन्हेपट शेवटी पोलिसांचीच तळी उचलतात, गुन्हेगार पकडला जातो आणि व्यवस्था निर्दोष ठरते. मग यात सत्य सांगण्याचे धैर्य कुठले? याचे ठळक उदाहरण म्हणून ‘द ब्लू लॅम्प’ पुढे केला जातो. बेसिल डिअर्डनने दिग्दर्शित केलेला हा ईलिंगचा चित्रपट १९५० मध्ये ब्रिटनमध्ये तुफान चालला. लंडनच्या पोलीस दलाने त्याला मनापासून मदत केली होती. पटकथाकार टी. ई. बी. क्लार्क युद्धकाळात स्वतः राखीव पोलीस होता. निवृत्तीला आलेला, फुलझाडांत रमणारा कॉन्स्टेबल जॉर्ज डिक्सन एका भेदरलेल्या तरुण गुंडाच्या गोळीने मरतो. मग सारे शहर, अगदी ग्रेहाउंड शर्यतीच्या मैदानावरचे सट्टेवालेसुद्धा, त्या गुंडाला पकडून द्यायला एक होते. हा डिक्सन लोकांना इतका आवडला की बीबीसीने मेलेल्या माणसाला जिवंत करून १९५५ ते १९७६ पर्यंत त्याच्यावर मालिका चालवली. हा चित्रपट पोलिसांचा गौरव करतो, यात वाद नाही.

तरीही डिअर्डनचे काम एकाच चित्रपटावर तोलू नये. त्याने आणि त्याचा निर्माता-सोबती मायकेल रेल्फ याने पुढची दहा-अकरा वर्षे हाच प्रकार धरून ठेवला, आणि प्रत्येक वेळी पोलीस तपासाचा साचा तोच ठेवून त्यात घातलेला प्रश्न अधिक अवघड केला. १९५१ च्या ‘पूल ऑफ लंडन’मध्ये हिऱ्यांच्या चोरीच्या कथेत बर्म्युडाचा कृष्णवर्णीय अभिनेता अर्ल कॅमेरॉन आणि एक गोरी तरुणी यांच्यातली हळुवार ओढ आहे. १९५८ मध्ये नॉटिंग हिलला वर्णद्वेषी दंगली झाल्या आणि पुढच्याच वर्षी ‘सफायर’ आला. हॅम्पस्टेड हीथवर एका तरुणीचे प्रेत सापडते. ती गोरी आहे असे सगळे धरून चालतात, आणि मग तिचा भाऊ म्हणून अर्ल कॅमेरॉनचा डॉक्टर रॉबिन्स पोलीस ठाण्यात पाऊल टाकतो. त्या क्षणापासून तपासाची दिशा बदलते. खून कोणी केला, यापेक्षा ती ‘तसली’ होती हे कळल्यावर कोणाचे वागणे कसे बदलले, हे चित्रपट टिपत जातो. मदतनीस इन्स्पेक्टरच्या तोंडीही तोच द्वेष आहे. खुनी निघते ती एका नीटनेटक्या, मध्यमवर्गीय गोऱ्या घरातली बाई.

‘सफायर’मध्ये दोष आहेत आणि ते झाकू नयेत. ढोलाचा ताल ऐकताच रक्तातला काळेपणा जागा होतो, अशा समजुतीवर बेतलेला त्यातला क्लबचा प्रसंग आज पाहवत नाही. वर्णद्वेषावर बोट ठेवणारा चित्रपट स्वतःही त्या हवेतच श्वास घेत होता. पण म्हणून त्याची साक्ष फेटाळता येत नाही. त्या वर्षी ब्रिटिश फिल्म अकादमीने त्याला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपट ठरवले. पटकथा लिहिणाऱ्या जेनेट ग्रीन या बाईंनी रहस्यकथेची बांधणी इतकी घट्ट ठेवली होती, की ज्याला या प्रश्नात काडीचा रस नाही तोही शेवटपर्यंत खुर्चीत बसून राहावा.

फाशीच्या प्रश्नावर हेच काम जे. ली थॉम्पसनच्या १९५६ च्या ‘यील्ड टु द नाइट’ने केले. आदल्या वर्षी जुलैत रूथ एलिस या तरुण स्त्रीला खुनाबद्दल फाशी झाली होती आणि तिच्या वयाचा, रूपाचा, असहायतेचा विषय घरोघर निघाला होता. मूळ पुस्तक मात्र त्याआधीच, १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. डायना डॉर्स ही तेव्हाची झगमगती तारका. तिने इथे मेकअप पुसून फाशीच्या कोठडीतली बाई उभी केली आहे. दिवा रात्रंदिवस जळतो, पहारेकरणी पाळीपाळीने तिच्याबरोबर पत्ते खेळतात, आणि खोलीत एक दार असे आहे की जे एकदाच उघडणार. नायिका निर्दोष नाही, खून तिनेच केला आहे आणि तो पहिल्याच प्रसंगात दिसतो. निरपराध माणसाला फाशी जाताना दाखवून हळहळ मिळवणे सोपे असते. अपराधी बाईलाही फाशी देऊ नये, हे पटवणे अवघड. ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये स्थगित झाली आणि १९६९ मध्ये कायमची गेली.

आणि मग १९६१ चा ‘व्हिक्टिम’. दिग्दर्शक डिअर्डन, निर्माता रेल्फ, लेखिका जेनेट ग्रीन आणि त्यांचे पती जॉन मॅकॉर्मिक. ‘ब्लू लॅम्प’मध्ये डिक्सनला गोळी घालणारा तरुण डर्क बोगार्ड इथे मेल्व्हिल फार नावाचा नामांकित बॅरिस्टर झाला आहे. मधल्या काळात बोगार्ड ‘डॉक्टर इन द हाउस’सारख्या चित्रपटांनी तरुणींचा लाडका नायक बनला होता, हे लक्षात घेतले तर त्याने काय पणाला लावले ते कळते. समलिंगी पुरुषांना तुरुंगात टाकणारा, १८८५ पासून चालत आलेला कायदा तेव्हा लागू होता. खासगीत, संमतीने संबंध ठेवणाऱ्या प्रौढांना त्यातून वगळावे अशी शिफारस वुल्फेन्डेन समितीने १९५७ मध्ये करूनही सरकार हलले नव्हते. चित्रपट सुरू होतो तेव्हा बॅरेट नावाचा एक तरुण कारकून पोलिसांपासून पळतो आहे. त्याने कंपनीचे पैसे चोरले आहेत, पण त्याच्याकडे दमडीही नाही. पैसे कुठे गेले हे तो मेला तरी सांगत नाही, आणि खरोखरच कोठडीत गळफास घेतो. तपास पुढे सरकतो तसे पैसे ब्लॅकमेलवाल्यांकडे गेल्याचे उघड होते. मग त्याच धाग्याला बांधलेली न्हावी, पुस्तकविक्रेता, नट, सरदार घराण्यातला गृहस्थ अशी माणसे एकेक करून समोर येतात. गुन्हेगार शोधायला निघालेला पोलीस अधिकारीच म्हणतो की हा कायदा ब्लॅकमेल करणाऱ्यांना रान मोकळे करून देतो. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द इंग्रजी चित्रपटात प्रथम उच्चारला गेला तो इथे, असे मानले जाते. अमेरिकेत त्याला मंजुरीची मोहोर नाकारण्यात आली.

फारची पत्नी त्याला खोदून खोदून विचारते, तो प्रसंग सबंध चित्रपटाचा कणा आहे. तो आधी वकिलासारखी बचावाची उत्तरे देतो, मग एकाएकी त्याचा तोल जातो आणि त्या मुलाला भेटणे का थांबवले ते तो सांगून टाकतो: मला तो हवा होता, म्हणून. बोगार्डचा चेहरा अर्धा अंधारात आहे. हे वाक्य पत्नीला सांगितलेले आहे, पण चित्रपटगृहात बसलेल्या देशालाही ते ऐकावे लागले. रहस्यकथेने तोवर प्रेक्षकाला फारच्या बाजूला आणून बसवलेले असते. माणूस पेचात असतो, गुंड त्याच्या पाठी असतात, तो सुटावा असे वाटत असते. नीतीचा उपदेश करणाऱ्या चित्रपटाला ही सहानुभूती मिळवता आली नसती. म्हणूनच रहस्याच्या वेष्टनात प्रश्न गुंडाळल्याने त्याची धार गेली, हा तेव्हाच्या काही समीक्षकांचा ठपका मला पटत नाही. १९६७ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये हा कायदा बदलला. तो बदल उमरावांच्या सभागृहात लावून धरणाऱ्या लॉर्ड ॲरन यांनी पुढे बोगार्डला पत्र लिहून चित्रपटाच्या वाट्याची दखल घेतली. याच ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेत घालून ठेवलेले आपल्याकडचे ३७७ वे कलम संमतीने संबंध ठेवणाऱ्या प्रौढांपुरते रद्द व्हायला मात्र सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

‘व्हिक्टिम’नंतर गुन्हेपट संपले नाहीत, पण ही आडवाट फारशी लागेनाशी झाली. सेन्सॉर सैल झाला, तरुण दिग्दर्शक कामगार वस्तीच्या कहाण्या थेट सांगू लागले. मुख्य चित्रपटाआधी लागणाऱ्या तासाभराच्या जोडपटांची सद्दी दूरदर्शनने संपवली. मर्टन पार्क स्टुडिओने एडगर वॉलेसच्या कथांवर १९६० ते १९६५ दरम्यान चाळीसहून अधिक असे छोटे पट काढले. ते या धंद्याचे अखेरचे भरघोस पीक. डिअर्डन १९७१ मध्ये मोटार अपघातात गेला. त्याला सफाईदार कारागीर म्हणून बाजूला काढणारी मते आजही छापली जातात, आणि ती अन्यायाची आहेत.

या चित्रपटांची हेळसांड मात्र खूप झाली. १९४० चा थोरोल्ड डिकिन्सनचा ‘गॅसलाइट’ हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने आपला नवा अवतार चालावा म्हणून बाजारातून हटवला. तो वाचला हे नशीब. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये हरवलेल्या ७५ ब्रिटिश चित्रपटांची यादी जाहीर करून लोकांना माळे धुंडाळायला सांगितले. ज्यांची साक्ष उरली आहे, त्यांतले पुष्कळ आता स्वच्छ प्रतींत मिळतात. ज्यांना या वाटेने जायचे असेल त्यांनी ‘इट ऑलवेज रेन्स ऑन संडे’पासून सुरुवात करावी. ‘द ब्लू लॅम्प’ आणि ‘व्हिक्टिम’ मात्र लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहावेत, आणि याच क्रमाने.